एवढ्यानं काय हुतंय?

माझ्या माहेरी दिवाळीच्या तोंडावर साखरेचं पोतं यायचं. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, घरचा ऊस, आण्णा कारखान्याचे सभासद. शेअरच्या हिशेबानं सवलतीच्या दरातली साखर मिळायची आणि ती आणायला आण्णा स्वतः बैलगाडी जुंपून जायचे. पोतं माजघरात उतरलं की आई त्याला हळदकुंकू लावायची, मगच सुतळी उसवायची. पहिली मूठ देवापुढं, दुसरी आम्हा पोरांच्या तळहातावर. हंगाम सुरू झाला की रात्री वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस वास गावभर पसरायचा. परगावच्या पाहुण्याला तो नकोसा व्हायचा. आम्हाला त्या वासात शाळेची पुस्तकं, नवे कपडे आणि आत्याचं लग्न दिसायचं.

त्या घरात वाढलेल्या मला आता शुगर आहे. आमच्याकडे मधुमेह असं कुणी म्हणत नाही. ‘शुगर आहे’, ‘शुगर निघाली’, ‘शुगरची गोळी चालू आहे’ असंच बोलतात.

२०१७ च्या उन्हाळ्यात माझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं. उपाशीपोटी १७२ आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी, सगळे जिला ‘तीन महिन्यांची’ म्हणतात ती, ८.४. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्यावर आणि तीन महिन्यांची ६.५ किंवा त्याच्यावर गेली की मधुमेह धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी डॉक्टरांना म्हणाले, ‘अहो, माझं वजन बावन्न किलो आहे. मला कशी होईल?’ आण्णांना शुगर होती हे मला ठाऊक होतं, तरी जाड माणसांचा आजार म्हणून मी स्वतःला त्यातून वगळून टाकलं होतं.

डॉक्टरांनी तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल सांगितलं. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी प्रा. युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीचे, आणि ती चरबी पोटाभोवती. आपल्याकडची कितीतरी माणसं जन्मापासूनच अशी असतात. घरी येऊन मी टेप घेतली आणि आरशासमोर उभी राहून कंबर मोजली. ८७ सेंटिमीटर भरली. भारतीय बाईची ८०च्या आत असावी म्हणतात. बावन्न किलोच्या शरीरातला तो घेर मला इतक्या वर्षांत साडीत कधी दिसला नव्हता.

पहिलं वर्ष चुका करण्यात गेलं. शेजारणीनं कारल्याचा रस सांगितला, कुणी जांभळाच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. डॉक्टरांनी दिलेल्या मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं सुरुवातीला पोट बिघडायचं, म्हणून मी गोळी बंद केली आणि दीड महिना नुसता रस प्यायले. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची ९.१ आली. गोळी जेवणासोबत घ्यायची, हळूहळू वाढवायची, की पोट सरावतं, एवढी साधी गोष्ट विचारायला मी परत गेले नव्हते. गुळाचंही तसंच. साखरेच्या पोत्याशेजारी वाढलेली मी गूळ म्हणजे औषध समजत होते. चहात साखरेऐवजी गूळ टाकला आणि वर दोन चमचे जास्तच टाकला. दोन्ही एकाच उसाच्या रसातून येतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आमच्या शेतावर गुऱ्हाळ होतं. रक्तात गेल्यावर दोघांत फारसा फरक उरत नाही.

भाकरीचा धडा मात्र जिव्हारी लागला. पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली तेव्हा वाटलं, आता पोटभर खायला मोकळी. आईच्या हाताखाली शिकलेली भाकरी बऱ्याच वर्षांनी पुन्हा थापायला घेतली. पिठात आधणाचं पाणी घालून मळायचं, परातीत एका हातानं फिरवत दुसऱ्या हातानं थापायचं, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची. ती टम्म फुगली की मन भरून यायचं. तीन भाकऱ्या, वांग्याची भाजी, ठेचा. जेवणानंतर दोन तासांनी शुगर मोजायचं मशीन लावलं तर २३८. मला खोटंच वाटलं. ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅमला सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टच असतं, जवळपास गव्हाइतकंच. ती पोटात थोडी सावकाश उतरते, थोडा जास्त चोथा देते, पण तीन खाल्ल्या तर तीन खाल्ल्या.

मग मी वहीच केली. शाळेत तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, स्वतःची वही ठेवणं मला जड गेलं नाही. एकच दुपारचं जेवण निरनिराळ्या तऱ्हेनं जेवायचं आणि दोन तासांनी बोट टोचायचं. दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, ताक असं जेवल्यावर १७१ आली. तेच जेवण, पण आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग भाजी-उसळ आणि भाकरी सगळ्यात शेवटी, असं जेवले तेव्हा १५६. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून आलेलं पिष्ट रक्तात हळूहळू चढतं. आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालून आले त्या दिवशी १३८. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फार वाट बघत नाहीत. हे आकडे माझ्या शरीराचे, माझ्या गोळीसोबतचे आहेत. दुसऱ्या कुणाचे वेगळे येतील. पण पोहे खाल्ल्यावर माझी शुगर दोनशेच्या वर जाते आणि मुगाच्या धिरड्यानं जात नाही, हे मला कुठल्या तक्त्यानं सांगितलं नव्हतं. वहीनं सांगितलं.

तेव्हापासून मी कराडला प्रीतिसंगमावर चालायला जाते. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोरून येऊन एकमेकींत मिसळतात. सकाळी शाळेच्या आधी आणि रात्री जेवणानंतर. रात्री घाटावर माझ्यासारखे खूप जण असतात. पहिल्यांदा मला वाटायचं, नदीचा वारा खायला येतात. आता चालण्यावरूनच ओळखते. जेवून लगेच निघालेली, घड्याळाकडं बघत फेऱ्या मारणारी माणसं आमच्यातली. आमच्या शाळेत अकरा शिक्षक, त्यातल्या चौघांना शुगर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची देशभराची पाहणी २०२३ मध्ये छापून आली, त्यात आपल्या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता. हा आकडा वाचून मला आमची स्टाफरूम दिसली. मधल्या सुट्टीत येणारा तो एकच मोठा थर्मास आणि त्यात आधीच ढवळून आलेली साखर. आता आम्ही शिपाईमामांना सांगून दोन थर्मास केलेत. बिनसाखरेच्या थर्मासला लाल दोरा बांधलाय.

बोट टोचण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी नीट सांगत नाही. बोटाच्या गादीवर टोचू नये, तिथं दुखतं. कडेला टोचावं, रोज बोट बदलावं. हात साबणानं धुऊन कोरडे करावेत. एका मे महिन्यात मी नातवंडांसाठी हापूस चिरला, हात नुसता पदराला पुसला आणि मशीन लावलं. ३१२! मला दरदरून घाम फुटला. मी तर एक फोडही खाल्ली नव्हती. मिस्टर म्हणाले, ‘हात धुतलेस का?’ धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. १४८. बोटावर राहिलेल्या आंब्याच्या रसानं एवढा घोटाळा केला. त्या दिवशी मी चिरलेल्या आंब्याच्या दोन फोडी, जेवणासोबत नाही तर चार वाजता मूठभर दाण्यांबरोबर, बसून, सावकाश खाल्ल्या. आंबा मी सोडलेला नाही. मोजलाय.

सकाळच्या आकड्यानं तर मला कितीदा रडवलंय. रात्री झोपताना १२४ आणि पहाटे उठल्यावर १४६. रात्रभर मी काही खाल्लेलं नसायचं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. संध्याकाळचं जेवण आणखी कमी करायची, तरी तेच. शेवटी डॉक्टरांनी समजावलं की पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, त्या वेळी वाढणाऱ्या संप्रेरकांमुळं यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडतं. शुगर नसलेल्या माणसाचं इन्सुलिन ती सांभाळून घेतं, आपलं पुरं पडत नाही. हे ऐकल्यावर माझ्या मनावरचं किती ओझं उतरलं म्हणून सांगू! या आजारात माणूस दिवसातून चार वेळा स्वतःला दोषी धरतं, त्यातली एक वेळ तरी कमी झाली.

उपवासाचं सांगते. आमच्याकडे म्हणच आहे, ‘एकादशी, दुप्पट खाशी’. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा. त्यापेक्षा राजगिरा, दही, दाणे, काकडी हे बरं, एवढं मला समजलं होतं. पण धोका खाण्यात होता तसा न खाण्यातही होता, हे मला एका संकष्टीनं शिकवलं. तोवर डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली होती, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी. नाष्ट्याआधी घ्यायची. त्या सकाळी सवयीनं गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत उपवास म्हणून नाष्टा केला नाही. साडेबाराच्या सुमाराला चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिताना अक्षर वाकडं जायला लागलं. हात थरथरत होते, पाठीवर गार घाम. पर्समध्ये मशीन होतं. ५८. सत्तरच्या खाली म्हणजे ताबडतोब साखर. एका मुलीला स्वयंपाकघरात पिटाळलं, मावशींनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८४. मग मुलांसाठी शिजलेल्या भातातला थोडा भात-आमटी खाल्ली, उपवास मोडला. आता उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारते की कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही. आणि माझ्या पर्समध्ये कायम साखरेची पुडी असते. ती पुडी बांधताना मला आईचं ते हळदकुंकू लावलेलं पोतं आठवतं.

खाण्याचं, चालण्याचं, गोळ्यांचं सगळं शिकता आलं. मला अजून नीट जमत नाही ते निराळंच आहे.

आपल्याकडं माया हातानं बोलते. चांगली बातमी आली की ‘तोंड गोड करा’. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो तेव्हा तो हात बाजूला सारून वाढायचं, ही आमच्याकडची रीत. जो वाढतो त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘एवढ्यानं काय हुतंय?’ माहेरी जत्रेला गेले की वहिनी म्हणते, नणंदा म्हणतात, भावकीतली आजी म्हणते. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, जणू मी पोळी नाकारली नाही, त्यांनाच नाकारलं. मी एका घरी ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ म्हणाले तर ती बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, ‘माझ्या घरचं गोड तुला चालत नाही व्हय?’ मी खाल्लं. संध्याकाळी २६०.

मला त्यांच्यावर रागावता येत नाही, कारण ते वाक्य मी स्वतः म्हटलंय.

आण्णांची शुगर १९९६ मध्ये निघाली. गोळ्या होत्या, पथ्य सांगितलं होतं. मी बेंदराला माहेरी गेले होते, बहुतेक २००२ चा बेंदूर. बैलांना हुरमुंज लावून झाली होती, शिंगांना बेगड. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, सोबत गुळवणी. आण्णांनी एक पोळी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरला. मी हात बाजूला केला. ‘घ्या की वो आण्णा, लेकीच्या हातची हाय. एवढ्यानं काय हुतंय?’ आण्णा माझ्याकडं बघून हसले आणि त्यांनी ती खाल्ली. तिसरीही. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि मला त्यांच्या ताटातली पोळी म्हणजे माझी माया वाटत होती.

त्याच पावसाळ्यात त्यांच्या वहाणेचा खिळा वर आला. तळपायात तो रुतत होता आणि ते त्याच वहाणेनं उसात पाण्याची दारं धरत फिरत होते. कळलंच नाही. जुन्या शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या, दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नव्हतं. आईला उंबऱ्यावर रक्ताचा ठसा दिसला तेव्हा जखम खोल गेली होती. आधी दोन बोटं काढली, मग गुडघ्याखालून पाय. त्यानंतर आण्णा शेतात गेले नाहीत. ओसरीवर खुर्चीत बसून कारखान्याकडं जाणाऱ्या गाड्या मोजायचे. २००५ मध्ये गेले.

माझ्या पोळीनं त्यांचा पाय गेला असं मी म्हणत नाही. एका पोळीनं कुणाचा पाय जात नाही. पण त्या वर्षांत त्यांना वाढणारी मी एकटी नव्हते. जत्रेत भावकीनं वाढलं, लग्नात व्याह्यांनी वाढलं, शेजारच्या काकूंनी वाटीतून खीर पाठवली. आम्ही सगळ्यांनी त्यांना एकेकदाच वाढलं. आणि आमच्यातल्या एकानंही कधी त्यांचा पाय हातात घेऊन बघितला नाही. बघण्यासारखं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आता वर्षातून एकदा मी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घेते, लघवीतलं प्रथिन बघते, पायाला बारीक नायलॉनचा तंतू टेकवून जाणीव आहे का ते बघून घेते. आणि रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवते. तळव्याखाली हातातला आरसा धरते. घरातही चप्पल घालते, देवघरापुरती काढते. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही, पण त्या आता बोलत नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची शुगर निघाली. भाऊबीजेला तो आला. मी ओवाळलं, ताट केलं. कोशिंबीर, घेवड्याची भाजी, आमटी, दोन भाकऱ्या, वाटीत ताक. करंज्यांचा डबा मी ताटाशेजारी ठेवला आणि झाकण काढून ठेवलं. वाढलं काहीच नाही. तो थोडा वेळ थांबला, माझ्या हाताकडं बघत.

‘आक्का, वाढत न्हाईस?’

‘तू घे तुला पाहिजे तेवढं.’

त्यानं एक घेतली, मोडली, अर्धी परत डब्यात ठेवली. माझा हात डब्याकडं गेला होता. मी तो मांडीवर ठेवला. बहीण आपल्याला आग्रह करत नाही, हे त्याला लागलं असेल का, हा विचार त्याच्या जेवणभर माझ्या मनात होता.

जेवून झाल्यावर मी म्हणाले, ‘पाय दाखव.’

‘काय?’

‘पाय दाखव. मोजे काढ.’

तो लाजला. थोरल्या बहिणीनं पायाला हात लावावा हे त्याला कसंतरीच वाटलं, खुर्चीत पाय मागं ओढायला लागला. मी खाली बसले आणि त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेला आण्णांसारख्याच भेगा. मोबाइलचा उजेड लावून बोटं एकेक करून फाकवली. चौथ्या आणि करंगळीच्या मध्ये कातडी पांढरी पडून फुटली होती, आत ओल होती.

‘हे कधीपासून?’

‘काय हाय तितं?’ तो वाकून बघायला लागला. ‘मला तर काय दुखत न्हाई.’

मी मिस्टरांना गाडी काढायला सांगितली.